बीएस्सी करताना पुण्यात संशोधन: चाळीस ई-मेलना उत्तर का आलं नाही, आणि सुरुवात कुठून करावी

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात एसवाय बीएस्सीला आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र, ओढ जैवरसायनशास्त्राकडे. गाव जुन्नर तालुक्यात, राहायला वसतिगृहात, सीजीपीए ७.६. पाषाणच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) इथल्या चाळीसेक प्राध्यापकांना तिने उन्हाळी प्रोजेक्टसाठी ई-मेल पाठवले. दोघांनी ‘सध्या शक्य नाही’ असं कळवलं, बाकीच्यांकडून काहीच नाही. तिचे प्रश्न असे: ओळख नसली तर आत शिरताच येत नाही का? गुण कमी पडतायत का? पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप घ्यावी का? आणि जॅमची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी बाजूला ठेवून या सगळ्यामागे लागण्यात अर्थ आहे का?

मी पाषाणच्याच एका प्रयोगशाळेतून जैवरसायनशास्त्रात पीएचडी केली आणि आता बरीच वर्षं पदवीच्या मुलांना शिकवते. उन्हाळ्यात माझ्याकडे प्रोजेक्टला मुलं असतात, आणि माझी मुलं मी इतरांच्या लॅबमध्येही पाठवते. म्हणजे असे ई-मेल मी वाचलेही आहेत आणि मुलांकडून लिहूनही घेतले आहेत. तू माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

जागा कशी मिळेल, असं तू विचारतेस. लॅबच्या बाजूने बघितलं तर जागेची अडचण क्वचितच असते, बेंचवर एक कोपरा कुठेही निघतो. अडचण असते ती शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेची. ज्या सरांना किंवा मॅडमना तू पत्र लिहितेस, ते तुला पिपेट धरायला शिकवणार नाहीत. ते काम त्यांच्याकडचा पीएचडीचा विद्यार्थी किंवा प्रोजेक्ट असिस्टंट करणार. पहिले दोन आठवडे तो तुला बफर कसे बनवायचे, कुठली बाटली कुठे ठेवायची, कुठलं यंत्र कोणाला विचारून लावायचं हे सांगत राहणार. तेवढे दिवस त्याचं स्वतःचं काम मागे पडणार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुझा हात बसायला लागणार आणि सहाव्या आठवड्यात तू निघून जाणार. त्याचा थिसिस लिहायचा असेल, फेलोशिप संपत आली असेल, तर सरांनी विचारल्यावर तो नाहीच म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

तुझ्या पत्राचा खरा वाचक हा माणूस आहे. ‘मला संशोधनाची मनापासून आवड आहे, आपल्या कामाने मी प्रभावित झाले आहे’ ही वाक्यं त्याच्या कामाची नाहीत. ही मुलगी न सांगता ग्लोव्हज घालेल का, रीडिंग चुकलं तर येऊन सांगेल का, दोन महिने रोज येईल का, एकदा दाखवलेलं लिहून ठेवेल का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. चाळीस जणांना पाठवलेल्या एकसारख्या पत्रातून यातलं काहीच कळत नाही.

आणखी एक कारण आहे, ते पुण्यातल्या संस्थांच्या रचनेत आहे. आयसरची स्वतःची बीएस-एमएसची मुलं असतात आणि पाचव्या वर्षी प्रत्येकाला वर्षभराचा थिसिस प्रोजेक्ट करावाच लागतो. विद्यापीठातल्या आयबीबीची, म्हणजे जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्थेची, स्वतःची पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची मुलं आहेत. तिथल्या गाईडवर पहिला हक्क त्या मुलांचा असतो. एनसीएल, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था आणि विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या मुळात संशोधन संस्था आहेत, पदवीचे वर्ग तिथे भरत नाहीत. म्हणून बाहेरच्या मुलांना तिथे थोडा जास्त वाव असतो, असा माझा अनुभव आहे. तू बायोकेमिस्ट्रीवाली असून आघारकर आणि एनसीसीएसचं नावही काढलं नाहीस. बहुतेक मुलं पाषाणच्या रस्त्यावरच अडकतात.

आता ओळख आणि गुण. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट उत्तर देत नाही. देशपातळीवरच्या योजनांमध्ये शेकडो अर्ज असतात, तिथे गुणांची चाळणी लागतेच. थेट पत्र लिहून जाताना ७.६ आड येत नाही. मी स्वतः एकूण सीजीपीएपेक्षा प्रॅक्टिकलचे गुण आणि पत्रातली एखादी खरी, नेमकी गोष्ट बघते. ओळखीचं म्हणशील तर हो, ओळख लागते. पण ती काकांच्या मित्राची नव्हे. ‘ही मुलगी माझ्या लॅबमध्ये सहा महिने काम करत होती, हिच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो’ असं सांगणारं एक माणूस लागतं. ते माणूस तुझ्या कॉलेजमध्येच आहे, फक्त त्याने अजून तुला काम करताना बघितलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सुरुवात कॉलेजच्या लॅबमधून कर, आणि ती उन्हाळ्याची वाट न बघता आत्ताच कर. कॉलेजमध्ये काय होणार, तिथे तर साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, हे मी दर वर्षी ऐकते. स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रीफ्यूज, वॉटर बाथ, पीएच मीटर आणि चांगला तराजू एवढ्यावर जैवरसायनशास्त्रातला खरा प्रश्न सोडवता येतो. उपकरणांपेक्षा प्रश्न नीट धरणं अवघड असतं. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, हे तुला घरूनच माहीत असेल. मोड येताना दाण्यात अमायलेज हे एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं. प्रश्न असा घे: मोड आणायला सुरुवात केल्यापासून कितव्या दिवशी अमायलेजची क्रिया सर्वांत जास्त असते? ऐकायला सोपं आहे. रोज थोडे दाणे वाटायचे, थंड बफरमध्ये अर्क काढायचा, सेंट्रीफ्यूज करायचा, स्टार्चबरोबर ठेवायचा, डीएनएस हा साखरेबरोबर रंग देणारा अभिकारक घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. माल्टोजचा स्टँडर्ड कर्व्ह काढला की झालं.

पण इथेच संशोधन सुरू होतं. डीएनएस अमायलेज मोजत नाही, ते क्षपणक शर्करा मोजतं, आणि मोड आलेल्या दाण्यात अशी साखर आधीपासूनच असते. जसजसे दिवस जातील तसतशी ती बदलत जाणार. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या अर्कासाठी शून्य मिनिटाचा ब्लँक, म्हणजे वजा करायचं रीडिंग, वेगळा लागतो, शिवाय उकळून निकामी केलेल्या अर्काचा कंट्रोलही, म्हणजे तुलनेचा नमुनाही, लागतो. तो नसेल तर तुझा आलेख साखरेचा आहे की एन्झाइमचा, हे तुलाही सांगता येणार नाही. पुढची अडचण अशी की क्रिया कशाच्या प्रमाणात सांगायची? दाण्याच्या ग्रॅममागे म्हणशील तर मोड येताना दाणा पाणी पितो, वजन वाढतं आणि क्रिया उगाच कमी दिसते. म्हणून कोरडं वजन काढायचं. प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे म्हणशील तर प्रथिन मोजायला लोरी पद्धत वापरणार, आणि तिथे नाचणीच्या तांबूस सालातले फिनॉल आडवे येतात. लोरीतला फोलिन अभिकारक फिनॉलशीही क्रिया करतो, त्यामुळे प्रथिन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ब्रॅडफर्ड ही प्रथिन मोजायची दुसरी पद्धत वापरून ५९५ नॅनोमीटरला बघितलं तर आकडा वेगळा येईल. दोन्ही पद्धतींनी करून फरक का पडला हे चार ओळींत लिहिलंस, तर मुलाखतीत अर्धा तास बोलण्याइतकं साहित्य तुझ्याकडे जमा झालं.

त्यापुढेही जाता येतं. जे मोजलं ते अल्फा अमायलेज की बीटा? कॅल्शियम घालून अर्क ७० अंश सेल्सिअसला काही मिनिटं ठेवला तर बीटा बहुतांशी निकामी होतं आणि अल्फा टिकतं. म्हणजे तापवण्याआधीची आणि नंतरची क्रिया यांच्या तुलनेतून अंदाज बांधता येतो. याला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. प्रत्येक मोजमाप तीन वेगवेगळ्या भिजवणींवर करायचं, एकाच अर्काची तीन रीडिंग घेऊन भागत नाही. हा फरक एमएस्सीच्या मुलांनाही पुष्कळदा समजावून सांगावा लागतो.

याउलट कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जे सर्रास होतं ते बघ. एखाद्या वनस्पतीच्या पानांचा अर्क काढायचा, डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट क्षमतेची चाचणी लावायची, जंतुरोधक गुणधर्म बघायचे, ‘अर्कात लक्षणीय क्षमता आढळली’ असं लिहून मोकळं व्हायचं. विषय वाईट नाही, करण्याची पद्धत वाईट असते. डीपीपीएचचं रीडिंग ५१७ नॅनोमीटरला घेतात. अर्काला स्वतःचाच रंग असेल तर तोही त्यात मिसळतो, आणि अर्काचा वेगळा ब्लँक मुलं लावत नाहीत. जंतूंच्या प्लेटवर अर्काबरोबर इथेनॉल किंवा डीएमएसओ जातं, त्या द्रावकानेच जंतू मरतायत का हे बघायला नुसत्या द्रावकाची खाच हवी, ती नसते. हे दोन कंट्रोल लावून कोणी माझ्याकडे आलं, मग निष्कर्ष ‘फार काही आढळलं नाही’ असा का असेना, तर मी त्या मुलाला घेईन.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उत्तर आधीच ठरलेलं असतं. टायट्रेशनचं रीडिंग ठरलेल्या आकड्याकडे थोडं सरकवायची सवय नकळत लागते, आणि जर्नल नंतर घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवलं जातं. संशोधनात ही सवय घातक आहे. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक घातलेली एक वही घे. तारीख घालून, पेनने, बेंचवरच लिही. चुकलं तर एक रेघ मार, खाडाखोड करू नकोस, कागद फाडू नकोस. फसलेला प्रयोगही लिही. उद्या एखाद्या लॅबमध्ये जाताना ही वही बरोबर ने. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ती पटकन बोलते, हे मी पैजेवर सांगते.

आता हे करायचं कसं? विभागप्रमुखांना, म्हणजे एचओडींना, भेट आणि ‘मला रिसर्च करायचंय’ असं न म्हणता ‘मॅडम, नाचणीच्या अमायलेजवर हे करायचंय, आठवड्यातून दोन दुपारी लॅब मिळेल का, एवढी रसायनं लागतील’ असं एका पानावर लिहून ने. लॅब असिस्टंटशी नीट वाग, लॅब उघडून देणारे आणि बाटल्या शोधून देणारे तेच असतात. कॉलेजला केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना मिळालेली आहे का, हे विचार. ती पदवीच्या प्रयोगशाळांसाठीच असते आणि उपकरणं, रसायनं त्यातून येतात. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण) आहेत, त्यांचे क्रेडिट याच कामाला जोडता येतात का तेही बघ. मग वर्षाच्या मध्यावर आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा असते. बक्षिसाचं सोड. तिथे परीक्षक उभं करून प्रश्न विचारतात, आणि आपल्या कामावर अनोळखी माणसाने प्रश्न विचारण्याची सवय लवकर झालेली बरी.

हे सगळं कॉलेजमध्ये होईलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही कॉलेजांत शिक्षकांवर तासांचा इतका भार असतो की दुपारी लॅब उघडी ठेवायला माणूसच नसतं. तसं असेल तर गणकीय कामाचा पर्याय आहे. प्रथिनांच्या रचना पीडीबी या ऑनलाइन संग्रहात कोणालाही मोफत मिळतात, डॉकिंगची, म्हणजे एखादा रेणू प्रथिनात कसा बसेल हे जोखणारी, सॉफ्टवेअर मोफत आहेत, साधा लॅपटॉप पुरतो. मात्र इथेही तीच शिस्त. शंभर रेणू डॉक करून सर्वांत चांगल्या स्कोअरचा रेणू ‘औषध’ म्हणून सांगणारे प्रोजेक्ट मी खूप बघते. आधी त्या प्रथिनाला स्फटिकात जो रेणू चिकटलेला आहे तोच काढून परत डॉक कर. तो मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत बसला, तर तुझी पद्धत निदान या प्रथिनासाठी चालते असं म्हणता येईल. तो बसत नसेल तर पुढचे शंभर स्कोअर निरर्थक आहेत. एवढं एक वाक्य पत्रात लिहिलंस तरी वाचणारा थांबेल.

आता बाहेरच्या संधी. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. साधारण दोन महिने, देशभरातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचा उन्हाळी कार्यक्रम आहे, शिवाय त्यांचे पीओसीई आणि पीओबीई असे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहेत, त्यात लागोपाठच्या उन्हाळ्यांत बोलावतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्याचा एनआययूएस कार्यक्रम तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आधी शिबिर, मग त्यातल्या काहींना प्रोजेक्ट. मला तो विशेष आवडतो, कारण तिथे पदवीच्या मुलांना शिकवणं हेच मुख्य काम आहे. यांच्या जाहिराती बहुतेक दिवाळीच्या आसपास ते जानेवारीपर्यंत येतात, आणि मुलं मार्चमध्ये शोधायला लागतात. पात्रता आणि तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरातच वाच, मैत्रिणीने सांगितलेल्यावर जाऊ नकोस. अर्जात ‘तुम्हाला काय करायचं आहे’ असं एखादं पान लिहावं लागतं. नाचणीचं काम केलेलं असेल तर ते पान तुझं तूच लिहिशील.

तुला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते का, हे तू लिहिलेलं नाहीस. मिळत असेल तर लक्षात ठेव, तिच्या वार्षिक ८०,००० रुपयांच्या रचनेत ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी अशी विभागणी आहे. म्हणजे गाईडला पत्र लिहिताना तसा उल्लेख जरूर कर.

थेट पत्रांबद्दल. चाळीस पाठवू नकोस, पाच पाठव, पण प्रत्येकासाठी एक दुपार दे. त्या लॅबचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर घे. सगळा कळणार नाही, कळायची अपेक्षाही नाही. त्यातली एक आकृती निवड आणि ती कशी मिळाली एवढंच समजून घे. पेपर मिळत नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयातून एन-लिस्ट या ई-जर्नल सेवेचा पासवर्ड घे, किंवा बायोआर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर त्याची मोफत प्रत आहे का बघ. पत्र दहा-बारा ओळींच्या वर नको. साधारण असं:

‘मी अमुक कॉलेजात एसवाय बीएस्सी रसायनशास्त्राला आहे. गेले चार महिने कॉलेजच्या लॅबमध्ये मोड आलेल्या नाचणीतल्या अमायलेजची क्रिया मोजते आहे. डीएनएस आणि ब्रॅडफर्ड स्वतः केलं आहे, प्रथिन शुद्धीकरण केलेलं नाही. आपल्या अमुक पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीत पीएच बदलल्यावर क्रिया घटते, पण स्थैर्य तसंच राहतं, ते का हे मला समजून घ्यायचं आहे. १५ मे ते १५ जुलै मी पूर्णवेळ येऊ शकते, राहण्याची सोय पुण्यात आहे. माझ्या शिक्षिकांचं शिफारसपत्र जोडलं आहे. लॅबमधल्या कोणाला मदतनीस हवी असेल तर दहा मिनिटं भेटायला येऊ का?’

यात ‘केलेलं नाही’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. काय येत नाही हे सांगणाऱ्या मुलीवर पटकन विश्वास बसतो. तारखा नेमक्या असल्या की सरांना हिशोब करता येतो. आणि ‘मदतनीस’ म्हटल्यामुळे तुला कोणाच्या तरी चालू कामात बसवता येतं, तुझ्यासाठी वेगळा प्रोजेक्ट शोधत बसावं लागत नाही. दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण कर, त्यानंतर सोडून दे. तुझ्या बाबतीत घडलं तसं ‘सध्या शक्य नाही’ असं ज्या दोघांनी कळवलं त्यांना आभाराची एक ओळ पाठव. ते उत्तर देणारे लोक आहेत, पुढच्या वर्षी त्यांनाच पुन्हा विचारायचं आहे.

पत्रापेक्षाही चांगला एक मार्ग पुण्यात आहे, तो बाहेरगावच्या मुलांना मिळत नाही. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला इथल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा २६ सप्टेंबरच्या स्थापना दिनालाही कार्यक्रम करतात. तिथे पोस्टरपाशी उभे असतात ते पीएचडीचे विद्यार्थी, म्हणजे तुझ्या पत्राचे तेच खरे वाचक. गर्दी ओसरल्यावर, साधारण चारनंतर जा. एका पोस्टरसमोर वीस मिनिटं थांब आणि खरंच न कळलेलं विचार. ‘मे महिन्यात तुमच्या लॅबमध्ये कोणाला हाताखाली मूल चालेल का’ असं तिथेच विचारता येतं. माझ्या ओळखीच्या कित्येक मुलांचं काम अशाच बोलण्यातून सुरू झालं आहे. वर्षभर होणाऱ्या खुल्या व्याख्यानांनाही हेच लागू आहे.

लॅब निवडताना दोन महिन्यांत काय हाताला लागू शकतं याचा विचार कर. सेंद्रिय संश्लेषणाच्या लॅबमध्ये तू रोज एखादी अभिक्रिया लावशील, टीएलसीवर अभिक्रिया कुठवर आली ते बघशील, कॉलमवर मिश्रण वेगळं करशील, रोटाव्हॅपवर द्रावक उडवशील, रेणूची रचना सांगणारा एनएमआर वाचायला शिकशील. अपयश त्याच दिवशी कळतं, उद्या पुन्हा लावता येतं. प्रथिनांच्या लॅबमध्ये वेळ वेगळा चालतो. प्लास्मिड, म्हणजे हवं ते जनुक असलेलं डीएनएचं कडं, जिवाणूत घालायचं, रात्रभर वाढवायचं, प्रथिन बनतंय का बघायचं, मग निकेलच्या कॉलमवर शुद्ध करायचं. एका पायरीला जिवाणू वाढले नाहीत तर दोन-तीन दिवस गेले, प्रथिन विरघळलंच नाही तर महिना गेला. म्हणून बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कमी दिवसांसाठी जाताना, ज्याचं प्रथिन आधीच शुद्ध होतंय अशा माणसाच्या हाताखाली मापनाचं काम माग. एन्झाइमचा वेग, निरोधक, तापमानाचा परिणाम असं काही. नवीन जनुक क्लोन करण्याचं काम दोन महिन्यांसाठी कोणी देत असेल, तर ते शिकण्यासाठी चांगलं आहे, पण हातात आकडे येतील ही आशा धरू नकोस.

सुरक्षेचं एवढंच, पण ते पहिल्या दिवशी विचार: गॉगल कुठे आहेत, आय वॉश आणि शॉवर कुठे, कुठला कचरा कुठल्या डब्यात. जेल ओतण्याआधीची ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असते, तिला ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही. लॅबमध्ये एकटीने रात्री थांबायचं नाही. यावर कोणी ‘चालतं गं’ म्हणालं तर ती लॅब सोड, मग नाव कितीही मोठं असो.

पैसे भरून मिळणाऱ्या इंटर्नशिपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एखादी मान्यताप्राप्त संस्था रीतसर पावती देऊन प्रशिक्षणाचं किंवा रसायनांचं शुल्क घेत असेल, तर तो व्यवहार समजण्यासारखा आहे, परवडत असेल तर कर. पण पंधरा दिवसांत ‘प्रोजेक्ट, प्रमाणपत्र आणि शोधनिबंध’ असं पॅकेज विकणारे आहेत, तिथे जाऊ नकोस. तिथून आलेली मुलं मी मुलाखतीत बघते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र, केलं म्हणतात आणि त्याला लागणारा प्रायमर, म्हणजे सुरुवातीचा डीएनएचा तुकडा, कसा निवडला विचारलं की गप्प होतात, कारण दहा जणांत एकाने ट्यूब धरलेली असते. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचार: लॅब आधी बघता येईल का, मार्गदर्शक कोण आणि तो रोज असतो का, आणि मूळ रीडिंग माझ्या वहीत माझ्याकडे राहतील का. यातल्या एकाही प्रश्नावर आढेवेढे घेतले तर ते पैसे वाचव आणि त्यात चांगल्या पिपेट टिप्स घे, असंच मी सांगेन.

राहिला जॅमचा प्रश्न. जॅम फेब्रुवारीत असते आणि तू ती टीवायला देणार, म्हणजे एसवायनंतरचा उन्हाळा तुझ्याकडे मोकळा आहे. टीवायच्या दिवाळीनंतर मात्र लॅब कमी कर, हे मी माझ्या मुलांनाही सांगते. जॅमच्या गुणवत्ता यादीत संशोधनाला गुण नाहीत. एकात्मिक पीएचडीच्या मुलाखतींत मात्र पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘काय काम केलंस?’ हाच असतो. शिवाय एक तिसरी वाट तू विचारात घेतलेली नाहीस. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेल्या चौकटीनुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट असतो. तू नेमकी त्या रेषेवर आहेस, म्हणून लॅबच्या नादात लेखी परीक्षा ढिल्या सोडू नकोस. तुझ्या कॉलेजात हे चौथं वर्ष चालणार आहे का, रसायनशास्त्राला संशोधन केंद्राची मान्यता आणि गाईड आहेत का, हे एचओडींना आत्ताच विचार. नसेल तर ते कुठल्या कॉलेजात आहे हे शोधायला तुझ्याकडे दीड वर्ष आहे.

आणि वसतिगृहाचं मार्चमध्येच बोलून ठेव. बरीच वसतिगृहं मेमध्ये रिकामी करायला लावतात, आणि लॅब मिळूनही राहायची सोय नाही म्हणून मुली गावी परततात, हे मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. रेक्टरना गाईडचं पत्र दाखवलं तर दोन महिन्यांची परवानगी बहुतेक वेळा मिळते. तेवढं पत्र लॅबमधून मागून घ्यायला लाजू नकोस, ते द्यायला कोणी नाही म्हणत नाही.